पाऊस संपला, शिंका सुरू: ऑक्टोबरमध्ये ठाकुर्ली-डोंबिवलीत नाक का वाहतं?

गणपती गेले, नवरात्र संपलं, पाऊस ओसरला, छत्र्या माळ्यावर गेल्या. आणि नेमक्या याच दिवसांत घराघरांत शिंका सुरू होतात.

सकाळी उठल्याउठल्या सलग आठ-दहा शिंका. नाकातून पाण्यासारखा स्राव. डोळ्यांना आणि टाळूला खाज. दुपारपर्यंत सगळं बऱ्यापैकी शांत होतं आणि रात्री आडवं झालं की नाक पुन्हा चोंदतं. ताप नाही, अंगदुखी नाही. 'हवा बदलली' असं म्हणून आपण मेडिकलमधून एक गोळी आणतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हवा बदलते हे खरंच आहे. पण कोणती हवा? बाहेरची की घरातली? ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या दमट पट्ट्यात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आपल्या गादीत, कपाटामागच्या भिंतीत आणि माळ्यावरच्या खोक्यांत सापडतं. ते कसं, आणि त्यावर करायचं काय, हे समजून घेऊया.

अ‍ॅलर्जी म्हणजे नेमकं काय?

आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. काही लोकांमध्ये ती निरुपद्रवी गोष्टींनाही शत्रू समजते. परागकण, बुरशीचे बीजाणू, धुळीतले सूक्ष्म किडे यांच्यातल्या प्रथिनांविरुद्ध शरीर 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं नाकाच्या, डोळ्यांच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण आत गेला की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामाइन हे रसायन बाहेर टाकतात. शिंका, खाज, पाणी आणि सूज ही सगळी त्या हिस्टामाइनची करामत.

'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी पहिल्यांदा वापरला. पण धुळीने शिंका येतात म्हणजे धुळीतल्या नेमक्या कशाने येतात, हे कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तेव्हा दाखवून दिलं की घरातल्या धुळीतला मुख्य दोषी म्हणजे त्यात राहणारा डोळ्यांना न दिसणारा किडा. त्याला 'डस्ट माइट' म्हणतात. ओलसर घरांमध्ये त्याची संख्या जास्त असते, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

हा ओलसरपणाचा मुद्दा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

इंटरनेटवरची 'फॉल अ‍ॅलर्जी' आणि आपली अ‍ॅलर्जी

ऑक्टोबरमधल्या अ‍ॅलर्जीबद्दल मोबाइलवर शोधलंत तर बहुतेक माहिती अमेरिकेतली सापडेल. तिथे शरद ऋतूत 'रॅगवीड' नावाच्या तणाचे परागकण हवेत प्रचंड प्रमाणात असतात. त्यामुळे सल्लाही तसाच असतो: खिडक्या बंद ठेवा, बाहेर कमी जा, कपडे घरातच वाळवा.

हा सल्ला ठाकुर्लीत जसाच्या तसा पाळला तर त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त. कारण चार महिन्यांच्या पावसानंतर आपलं घर आधीच ओलं झालेलं असतं. ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शेजारी उल्हास नदी आणि खाडी. जुन्या इमारतींच्या गच्चीवर निळं प्लास्टिक किंवा पत्रे. कपडे सगळा पावसाळा घरातल्या दोरीवर. अशा घराच्या खिडक्या बंद केल्या तर ओल आतच कोंडते.

हवामान खात्याच्या २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतर वाऱ्याची दिशा बदलते. समुद्रावरून येणारा ओला वारा थांबतो आणि जमिनीकडून कोरडा वारा यायला लागतो. दुपारी 'ऑक्टोबर हीट' आणि पहाटे गारवा. चार महिने ओलाव्यात वाढलेलं सगळं या काळात सुकायला लागतं, हलकं होतं आणि हवेत उडतं.

घरातले तीन दोषी

१. डस्ट माइट. हे किडे साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचे असतात. माणसाच्या कातडीचा जो कोंडा रोज गळतो, तो यांचं खाद्य. त्यामुळे गादी, उशी, गोधडी, सोफा आणि मुलांची मऊ खेळणी ही त्यांची आवडती जागा. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शरीरात शोषून घेतात. म्हणून हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते जगू शकत नाहीत आणि ७०-८० टक्क्यांवर त्यांची भरभराट होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांना काहीच कमी पडत नाही.

माइट चावत नाहीत. अ‍ॅलर्जी होते ती त्यांच्या विष्ठेतल्या आणि मेलेल्या शरीरातल्या प्रथिनांमुळे. हे कण तुलनेने जड असतात. गादी हलवली, चादर झटकली की उडतात आणि थोड्या वेळात पुन्हा खाली बसतात. रात्रभर तोंड उशीत आणि सकाळी उठून अंथरूण झटकायचं. सकाळच्या शिंकांचं एक मोठं कारण हे आहे.

२. बुरशी. भिंतीवर आलेले काळे-हिरवे ठिपके, कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास, चामड्याच्या पट्ट्यावर आणि चपलांवर आलेली पांढरी पूड ही सगळी बुरशी. ती बीजाणू हवेत सोडते. अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया ही अ‍ॅलर्जी देणाऱ्या बुरशींची नेहमीची नावं. बीजाणू इतके बारीक असतात की त्यातले काही नाकात न अडकता थेट श्वासनलिकेपर्यंत जातात. म्हणून बुरशीच्या अ‍ॅलर्जीचा दम्याशी जवळचा संबंध आहे.

३. झुरळं. झुरळांची विष्ठा, लाळ आणि गळलेली कात यांचीही अ‍ॅलर्जी होते. सिंकखालची ओल आणि गळका पाइप असेल तिथे ती वाढतात. दम्याच्या मुलांच्या घरात झुरळं असणं ही किरकोळ बाब समजू नये.

कबुतरांचं काय, असाही प्रश्न विचारला जातो. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून झालेल्या वादानंतर तो जास्तच चर्चेत आला. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने काही लोकांना 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' हा आजार होतो. तो शिंकांच्या अ‍ॅलर्जीपेक्षा वेगळा आणि जास्त गंभीर आहे. त्यात फुफ्फुसाला सूज येते, कोरडा खोकला आणि दम लागणं महिनोन्‌महिने चालतं. बाल्कनीत कबुतरं आहेत आणि असा खोकला जात नाही, तर डॉक्टरांना कबुतरांबद्दल आवर्जून सांगा.

बाहेरचे संशयित

घरातल्यांवर बोट ठेवलं म्हणून बाहेरचे सगळे निर्दोष ठरत नाहीत.

गवत: पावसावर वाढलेलं गवत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलोऱ्यावर येतं. ठाकुर्लीत रुळांच्या कडेला, रेल्वेच्या जुन्या वसाहतींभोवती आणि बांधकामासाठी रिकाम्या ठेवलेल्या भूखंडांवर ते भरपूर दिसतं. गवताचे परागकण वाऱ्यावर पसरतात आणि अ‍ॅलर्जी देतात.

गाजर गवत: पांढऱ्या बारीक फुलांचं हे तण, म्हणजेच काँग्रेस गवत, मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची ठळक नोंद १९५५ च्या सुमारास आपल्याच पुण्यात झाली आणि मग ते देशभर पसरलं. ते रॅगवीडच्याच कुळातलं आहे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेवर खाज सुटून पुरळ उठतं आणि परागकणांनी नाकाचा त्रास होतो. रिकाम्या प्लॉटवरचं गाजर गवत उघड्या हातांनी उपटू नये. हातमोजे घालावेत आणि फुलं येण्याआधीच ते काढावं.

सातवीण: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी रस्त्यावर एक उग्र, गोडसर वास पसरतो. तो सातवीण किंवा सप्तपर्णीच्या फुलांचा. वेगाने वाढतं आणि सावली देतं म्हणून हे झाड शहरांत रस्त्याकडेला खूप लावलं गेलं. 'याच झाडाने दमा होतो' अशी तक्रार दर वर्षी होते, कुठे कुठे झाडं तोडण्याची मागणीही होते. पण इथे थोडं थांबायला हवं. सातविणीचं परागीभवन मुख्यतः कीटकांमार्फत होतं. गवतासारखे त्याचे परागकण वाऱ्यावर भरमसाट उडत नाहीत. त्याच्या तीव्र वासाने डोकं दुखू शकतं, मळमळू शकतं आणि ज्यांना आधीच दमा आहे त्यांची श्वासनलिका आकसू शकते. ही वासामुळे झालेली चीड असते, बहुतेक वेळा परागकणांची अ‍ॅलर्जी नसते. ज्यांना त्रास होतो त्यांनी संध्याकाळी त्या बाजूची खिडकी लावून घेणं शहाणपणाचं. झाड तोडून शिंका थांबतील याची मात्र खात्री नाही.

पाऊस पडला की परागकण धुऊन जातात, असं वाटतं. संथ पावसात ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण गडगडाटी वादळात उलटंही घडू शकतं. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात वादळानंतर काही तासांत हजारो लोकांना दम्याचा झटका आला आणि दहा जणांचा मृत्यू झाला. वादळातल्या ओलाव्याने गवताचे परागकण फुटून त्यांचे अतिसूक्ष्म तुकडे जमिनीलगत पसरले, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. यातले बरेच जण असे होते ज्यांना आधी फक्त नाकाची अ‍ॅलर्जी होती आणि दमा आहे हे माहीतही नव्हतं.

प्रदूषण म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, पण आगीत तेल

ऑक्टोबरनंतर रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वर गरम हवेचं झाकण बसल्यासारखं होतं. मग बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर, जाळलेला कचरा, कारखान्यांचा वायू आणि दिवाळीतल्या फटाक्यांचा धूर वर न जाता खालीच राहतो.

या गोष्टी नाकाला आणि घशाला जाळतात, पण त्यांच्याविरुद्ध शरीर आयजीई बनवत नाही. म्हणून तांत्रिकदृष्ट्या ही अ‍ॅलर्जी नाही. फरक कसा ओळखायचा? डोळे-नाक चुरचुरतं, घसा जळतो, रसायनाचा वास येतो आणि एकाच वेळी घरातल्या, शेजारच्या सगळ्यांना त्रास होतो, तर ते प्रदूषण. खाज आणि सलग शिंका आहेत आणि त्रास घरातल्या एक-दोघांनाच आहे, तर अ‍ॅलर्जीची शक्यता जास्त. प्रदूषणाने सुजलेल्या नाकाला अ‍ॅलर्जी आणखी सहज होते, हेही खरं.

हवेच्या गुणवत्तेचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर पाहता येतो. पण तो धूळ आणि वायूंचा आकडा असतो. परागकण किंवा बुरशी त्यात मोजली जात नाही. त्यामुळे आकडा हिरवा असूनही तुम्हाला शिंका आल्या तर त्यात नवल नाही.

घरातला धूरही मोजा. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती यांनी कुबट वास झाकला जातो, बुरशी जात नाही. उलट नाकाला आणखी एक त्रास.

दिवाळीची साफसफाई: औषधही आणि विषही

दसरा ते दिवाळी आपण घर उपसून काढतो. कल्पना उत्तम आहे. गाद्या-गोधड्या ऑक्टोबरच्या उन्हात घालण्याची आपली जुनी पद्धत तर शास्त्राला धरून आहे. कडक उन्हात गादी कोरडी पडते आणि कोरडेपणा माइटना मानवत नाही.

चूक होते ती पद्धतीत. वर्षभराची धूळ, माइटची विष्ठा आणि बुरशीचे बीजाणू एका दिवसात कोरड्या फडक्याने आणि झाडूने हवेत उडवले जातात आणि ज्याला अ‍ॅलर्जी आहे तोच माळ्यावर चढलेला असतो. बऱ्याच घरांत ती व्यक्ती म्हणजे आई किंवा सून. दिवाळीच्या आधी खोकला धरतो तो असा.

साफसफाई करताना एवढं पाळा:

• अ‍ॅलर्जी किंवा दमा असलेल्या माणसाने माळा झाडू नये. पर्याय नसेल तर एन-९५ मास्क नीट बसवून लावावा. ओढणी किंवा रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत.

• कोरडं झटकण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. काम झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवा आणि अर्धा-पाऊण तास त्या खोलीत बसू नका.

• गादी उन्हात घाला, पण काठीने झोडायची ती गच्चीवर किंवा अंगणात. खोलीत नाही.

• फरशी, टाइल, काच अशा कडक पृष्ठभागावरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून पुसा आणि जागा पूर्ण कोरडी करा. कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू उडतात.

• ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

• ओल तशीच ठेवून वरून रंग देऊ नका. भिंत आतून ओली असेल तर पुढच्या पावसात पोपडे आणि बुरशी दोन्ही परत येतात.

सर्दी, अ‍ॅलर्जी की डेंग्यू?

पावसाळ्यानंतरचा काळ डेंग्यू आणि मलेरियाचाही असतो. म्हणून सगळं 'हवा बदलली' या एका खात्यात टाकणं धोक्याचं आहे.

अ‍ॅलर्जी: खाज आणि सलग शिंका, पाण्यासारखा स्राव, ताप नाही. आठवडेच्या आठवडे चालते. ठरावीक जागी किंवा ठरावीक वेळी वाढते.

साधी सर्दी: घसा दुखतो, बारीक ताप येऊ शकतो, स्राव हळूहळू घट्ट होतो. आठवडा-दहा दिवसांत बरी होते.

फ्लू किंवा कोविड: ताप, अंगदुखी, खोकला आणि थकवा.

डेंग्यू: अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणं, सांधे-स्नायू दुखणं. शिंका हे त्याचं लक्षण नाही.

लक्षात ठेवायची खूण एकच: ताप आला तर ती अ‍ॅलर्जी समजू नका. तपासणी करून घ्या.

नाकातून छातीत: खरा धोका इथे आहे

नाक आणि फुफ्फुस ही दोन वेगळी खाती नाहीत, एकाच श्वासमार्गाची दोन टोकं आहेत. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाची अ‍ॅलर्जी असते आणि नाकाच्या अ‍ॅलर्जीकडे दुर्लक्ष केलं तर दमा आटोक्यात राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्यामुळे ४ लाख ५५ हजार मृत्यू झाले. भारताचा वाटा पाहिला तर काळजी वाटते. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. आजार आहे हे वेळेत ओळखलं जात नाही आणि ओळखलं तरी योग्य उपचार नियमित घेतले जात नाहीत, ही त्यामागची मोठी कारणं.

दम्याची शंका कधी घ्यायची? रात्री किंवा पहाटे खोकल्याने जाग येते. श्वास सोडताना छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. ठाकुर्ली स्टेशनच्या पुलाचे जिने चढताना गेल्या वर्षीपेक्षा जास्त धाप लागते. मूल खेळता खेळता खोकत थांबतं. यातलं काहीही असेल तर शिंकांच्या गोळीवर दिवस काढू नका. फुंकर मारून करायची 'स्पायरोमेट्री' ही सोपी तपासणी दम्याचं निदान करायला मदत करते.

मग येते पंपाची भीती. 'एकदा लावला की सवय लागते', 'मुलीला पंप आहे हे लग्नाच्या वेळी सांगायचं कसं', अशी वाक्यं अजूनही ऐकू येतात. वस्तुस्थिती उलट आहे. इनहेलरमधून औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून डोस फार छोटा लागतो. स्टिरॉइडच्या गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि इनहेलरचा मायक्रोग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम. पंप टाळून पुन्हा पुन्हा स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्याच्या शरीरात कितीतरी जास्त स्टिरॉइड जातं.

दुसरी बाजूही आहे. फक्त त्रास झाल्यावर घ्यायचा, लगेच आराम देणारा पंप एवढाच वापरत राहणं पुरेसं नाही. त्याने नळी तात्पुरती उघडते, आतली सूज तशीच राहते. दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी 'जिना' ही संस्था २०१९ पासून फक्त अशा पंपावर अवलंबून राहू नका, असं सांगते.

एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर होतात किंवा पंप घेऊनही आराम नाही, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. डोंबिवलीत शास्त्रीनगर आणि कल्याणमध्ये रुक्मिणीबाई ही महापालिकेची रुग्णालयं आहेत.

औषधं: काय, किती आणि काय नको

अँटिहिस्टामाइन गोळ्या: सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन वगैरे. शिंका आणि खाज यांवर चांगल्या, चोंदलेल्या नाकावर तितक्या नाही. जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी फार झोप येते. सेटिरिझिननेही काहींना येते, म्हणून ती घेऊन बाइक चालवू नका.

नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे: सतत त्रास असेल तर हाच सगळ्यात परिणामकारक उपाय मानला जातो. पण पहिल्या दिवशी जादू होत नाही. पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे रोज घ्यावा लागतो. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो आणि नाकातून रक्त येण्याचा त्रास टळतो.

नाक मोकळं करणारे थेंब: झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब दोन मिनिटांत नाक उघडतात, म्हणून ते आवडतात. सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिक चोंदतं आणि थेंबांशिवाय झोप येईनाशी होते.

माँटेलुकास्ट: ही गोळी आपल्याकडे लिव्होसेटिरिझिनसोबत सर्रास दिली जाते. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने तिच्याबद्दल सगळ्यात कडक इशारा दिला. काहींमध्ये चिडचिड, वाईट स्वप्नं, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे परिणाम दिसू शकतात. मुलाच्या वागण्यात अचानक बदल दिसला तर डॉक्टरांना लगेच सांगा. जुनी चिठ्ठी दाखवून दर वर्षी स्वतःहून ती आणू नका.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे जलनेती: उपयोगी आणि स्वस्त. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं किंवा टाकीतलं पाणी थेट नाकात घालू नका. पाण्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊन जीवघेणा संसर्ग करू शकतो.

तपासणी कोणती करावी?

कशाची अ‍ॅलर्जी आहे हे कळण्यासाठी 'स्किन प्रिक टेस्ट' करतात. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि १५-२० मिनिटांत गांधी उठते का ते पाहतात. त्याआधी काही दिवस अँटिहिस्टामाइन बंद ठेवावी लागते. रक्तातल्या आयजीईची तपासणी हा दुसरा मार्ग.

शे-दोनशे पदार्थांच्या 'पॅकेज' तपासण्यांपासून सावध राहा. रक्तात आयजीई सापडलं म्हणजे त्या गोष्टीने त्रास होतोच असं नाही. अशा अहवालांवरून मुलांचं दूध, अंडी, गहू सगळं बंद करून बसलेली घरं आहेत. लक्षणं आणि तपासणी जुळली तरच निदान.

दोषी नक्की झाला आणि औषधांनी भागत नसेल तर 'इम्युनोथेरपी' हा पर्याय असतो. त्याच अ‍ॅलर्जनचे वाढते डोस इंजेक्शनने किंवा जिभेखाली देऊन शरीराला सवय लावतात. १९११ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली ही पद्धत आजही वापरात आहे. तिला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात आणि ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावी.

घर कोरडं कसं करायचं?

काही शे रुपयांत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. बेडरूममध्ये ठेवा. पावसाळ्यात आकडा खाली आणणं जवळजवळ अशक्य आहे, पण ऑक्टोबर ते मे तो ६० च्या खाली ठेवणं शक्य आहे.

दुपारी हवा कोरडी असते, तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. स्वयंपाकघर आणि बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा आंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवा. चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, त्याने माइट मरतात. गादीला आणि उशीला चेन असलेलं घट्ट विणीचं कव्हर घाला. एसी असेल तर 'ड्राय' मोड वापरा आणि जाळी धुवा. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं तर जरूर घ्या, पण गादीत बसलेल्या माइटवर ते काही करू शकत नाही.

आणि भिंतच गळत असेल तर?

तर वरचे सगळे उपाय अर्धेच. इथे अ‍ॅलर्जीचा इलाज डॉक्टरकडून सोसायटीच्या ऑफिसात जातो.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक पाइप यांच्यामुळे होणारी गळती, पावसाच्या पाण्याची गळती धरून, दुरुस्त करण्याचा खर्च सोसायटीने करायचा असतो. वरच्या मजल्यावरच्या सदस्याच्या बाथरूममधून गळत असेल तर ती जबाबदारी त्या सदस्याची. म्हणजे शेवटच्या मजल्यावरच्या घरात गच्चीतून पाणी येत असेल तर तो त्या एका कुटुंबाचा खासगी प्रश्न नाही. भाडेकरू असाल तर घरमालकाला लेखी कळवा, कारण सोसायटीशी पत्रव्यवहार त्यालाच करावा लागेल.

यासाठी ऑक्टोबरसारखा महिना नाही. ओलीचे डाग आता ताजे आहेत. त्यांचे तारखेसह फोटो काढा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, म्हणजे तो वाढतोय की सुकतोय ते महिन्याभरात कळेल. सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. घरात दम्याचा रुग्ण असेल तर अर्जात तसं नमूद करा. वॉटरप्रूफिंगचं काम कोरड्या दिवसांतच नीट होतं आणि ते करायला जूनपर्यंत जवळपास आठ महिने हातात आहेत.